कुकरची शिट्टी वाजवणारा मिठ्ठू

स्वयंपाकघरातून तिसरी शिट्टी ऐकू आली, की आत्या अंगणातूनच ओरडायची, "अगं, गॅस बंद कर!" आम्ही मुले धावत जाऊन गॅस बंद करायचो. पाने वाढली की कळायचे, डाळ कच्चीच आहे. तीन शिट्ट्यांपैकी कुकरची एकच होती. उरलेल्या दोन फ्रिजवर बसलेल्या मिठ्ठूच्या!

जबलपूरच्या उत्तरेला, अधारतालच्या पुढे महाराजपूर आहे. तिथे माझ्या आत्याचे घर. नागपूरकर भोसल्यांच्या काळात आणि पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना कितीतरी मराठी कुटुंबे जबलपुरात गेली आणि तिथलीच झाली. काका खमरियाच्या आयुध निर्माणीत नोकरीला होते. आम्ही नागपूरहून दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे जायचो.

२२ मे १९९७ची पहाट मी विसरणार नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास जबलपूर भूकंपाने हादरले. शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरे पडली, माणसे दगावली. आमच्या शेजारच्या जुन्या घराची एक भिंत कोसळली. त्या भिंतीच्या भोकात पोपटांचे घरटे होते. उजाडल्यावर विटांच्या ढिगाऱ्याजवळ एकच पिल्लू जिवंत सापडले. अंगावर अर्धी हिरवी पिसे, अर्धी करडी लव आणि अंगाच्या मानाने भलीमोठी लाल चोच. आत्याने त्याला पदरात घेतले. त्या आठवड्यात सगळी वस्ती अंगणात झोपत होती. पिल्लूही आमच्याबरोबर बुट्टीत, जुन्या लुगड्याच्या घडीत झोपले.

पिंजरा आणलाच नाही

पिल्लू जगेल असे कुणालाच वाटत नव्हते, म्हणून पिंजरा आणण्याचा प्रश्नच आला नाही. पुढे ते जगले, उडायला लागले आणि पिंजरा आणायचे राहून गेले. शेजारच्या बायका सांगायच्या, "भाभीजी, पंख काट दो, नहीं तो उड़ जाएगा." आत्या हसून म्हणायची, "उडणार नाही तो पोपट कसला? मग कोंबडीच पाळली असती."

असा हा मिठ्ठू घरभर मोकळा उडू लागला. त्याचे वजन जेमतेम सव्वाशे ग्रॅम, पण घरात हुकूम त्याचाच. काका पेपर उघडत आणि हा वरून उतरून पानाची कड कुरतडायला लागे. दोरीवरच्या शर्टाची बटणे तो एकेक करून तोडायचा आणि खाली पडली की मान वाकडी करून बघायचा. आतेबहिणीच्या वेणीची रिबीन ओढून तो कपाटावर जाऊन बसे. काकांचा चष्मा तर रोज नव्या जागी सापडायचा. जबलपूर मटारासाठी प्रसिद्ध आहे. थंडीत आत्या पोतेभर मटार घेऊन सोलायला बसली, की मिठ्ठू तिच्यासमोर बसून मदत करायचा. त्याची पद्धत अशी, की शेंग चिरायची, एक दाणा खायचा आणि बाकीचे चार जमिनीवर उधळायचे!

हिरवी मिरची तो काकडीसारखी खायचा. आम्हांला वाटायचे, किती शूर! खरे तर मिरचीतल्या तिखट द्रव्याची आग पक्ष्यांना जाणवतच नाही. त्यामुळेच मिरचीचे बी पक्ष्यांमार्फत दूरवर पसरते.

खोडी की गरज?

आता विचार केला, की लक्षात येते, मिठ्ठूची एकही खोडी नुसती खोडी नव्हती. पोपटाची चोच आयुष्यभर वाढत राहते. तिला सतत काहीतरी कुरतडायला लागते. रानात तो साली, फांद्या आणि बिया फोडतो. घरात त्याला बटणे, पेन्सिली आणि पेपर सापडले. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, म्हणून तो शेंग हातात धरावी तशी धरतो. चोचीचा तिसरा पाय करून दारांवर, पडद्यांवर चढतो.

शिट्टीचेही तसेच. पोपट थव्याने राहणारा पक्षी आहे. थव्यातल्या इतरांचे आवाज शिकून त्यांना साद घालणे हा त्याचा स्वभाव. माणसांत वाढलेला पोपट माणसांनाच आपला थवा समजतो आणि त्यांच्या घरातले आवाज शिकतो. कुकर वाजला, की सगळे धावतात, हे मिठ्ठूने ओळखले होते. मग माणसे जवळ हवी असली, की तो शिट्टी वाजवायचा. हा पक्षी किती हुशार असतो, ते अमेरिकेतल्या आयरीन पेपरबर्ग यांनी दाखवून दिले. ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटाला त्यांनी १९७७ ते २००७ अशी तीस वर्षे शिकवले. वस्तूंचे रंग आणि आकार विचारले, की तो बरोबर उत्तर द्यायचा. अशा बुद्धीला दिवसभर काही उद्योग दिला नाही, तर ती आपला उद्योग शोधणारच. पिंजऱ्यात एकटे पडलेले पोपट पुष्कळदा कंटाळून स्वतःचीच पिसे उपटतात.

पंखा बंद!

मोकळ्या पोपटाला घरात धोकेही तितकेच. १९९८च्या मे महिन्यातली दुपार होती. कुणीतरी सवयीने पंख्याचे बटण दाबले आणि त्याच वेळी मिठ्ठू कपाटावरून झेपावला. फट्‌ असा आवाज झाला आणि तो पलंगामागे पडला. आतेबहीण रडायलाच लागली. काकांनी पलंग सरकवला. मिठ्ठू भिंतीला टेकून बसला होता, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. आत्याने त्याला हातात धरून तासभर अंधाऱ्या खोलीत बसून काढला. संध्याकाळी त्याने डाळीचा एक दाणा उचलला, तेव्हा कुठे घरात चहा झाला. शेपटीची पिसे तुटण्यावर निभावले होते.

दुसऱ्याच दिवशी काकांनी बटणांच्या फळीवर एक चिठ्ठी चिकटवली : "आधी मिठ्ठू बघा, मग पंखा." जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो. पण मिठ्ठू खोलीत असला, की काका बनियनवर बसून हातपंख्याने वारा घेत. पाहुणे घाम पुसत आणि काकांकडे बघत. घरात पक्षी मोकळा ठेवायचा, तर घरातल्या प्रत्येकाला काहीतरी सोडावे लागते, हे मी तिथे शिकले.

तिसरी थंडी

संध्याकाळी रानातल्या पोपटांचे थवे ओरडत महाराजपूरवरून आपल्या झाडांकडे परतायचे. त्या वेळी मिठ्ठू खिडकीच्या जाळीला चिकटून बसे. पहिल्या वर्षी तो नुसता ऐकायचा. दुसऱ्या वर्षी तो उत्तर द्यायला लागला. तिसऱ्या वर्षी त्याच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी उमटली आणि तो नर आहे हे कळले. मादीला अशी कंठी नसते.

आणि मग १९९९च्या शेवटी त्याचा स्वभाव बदलला. तो आरशासमोर तासन्‌तास बसे, खाल्लेले दाणे उलटून आरशातल्या पोपटाला भरवू बघे. काकांच्या बोटाला कडकडून चावा घेई. आत्याने पत्रात लिहिले होते, "मिठ्ठू आता आमच्यावर रागावतो. आमचे काय चुकले, ते कळत नाही."

त्यांनी एका पशुवैद्यांना घरी बोलावले. ते म्हणाले, "वहिनी, काही चुकलेले नाही. तो मोठा झाला आहे. त्याला जोडीदार हवा आहे आणि तो तुमच्या घरात नाही." मग त्यांनी दुसरी गोष्टही सांगितली. रानातला पोपट घरी ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. आत्या-काकांना हे ठाऊकच नव्हते. अंगणात पिंजरा टांगलेली घरे त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

त्या रात्री दोघेही फारसे जेवले नाहीत, असे आतेबहीण सांगते. काका म्हणाले, "बाहेर ससाणे आहेत, मांजरे आहेत." आत्या म्हणाली, "घरात पंखा आहे."

डॉक्टरांच्या सल्ल्याने फेब्रुवारी २०००मध्ये खिडकीची जाळी काढली. गच्चीवर पाणी, मटार आणि पेरूच्या फोडी ठेवल्या. मिठ्ठू दोन दिवस बाहेर गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी तो समोरच्या कडुलिंबावर जाऊन बसला आणि अंधार पडायच्या आत परत आला. मग एक रात्र बाहेर राहिला. आत्या रात्रभर जागी होती. सकाळी तो गच्चीवर मटार उधळत होता. हळूहळू त्याचे येणे कमी झाले. तीन वर्षे उडत राहिल्यामुळे त्याच्या पंखांत बळ होते, म्हणूनच हे जमले. पंख कापले असते, तर हा रस्ता कायमचा बंद झाला असता.

तुमच्या घरी पोपट असेल तर

आज परिस्थिती अधिक स्पष्ट आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ला २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. आपला कंठीवाला पोपट या कायद्याने संरक्षित आहे. तो पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा पाळणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षा बाजूला ठेवली, तरी बाजारातल्या एका पिल्लामागे फोडलेले घरटे असते, हे विसरू नये.

झाडाखाली पडलेले पिल्लू दिसले, तर लगेच घरी नेऊ नका. त्याला पिसे फुटली असतील, तर मांजर पोहोचणार नाही अशा फांदीवर किंवा टोपलीत घरट्याजवळ ठेवा आणि लांबून पाहा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लाला टाकतात, हा गैरसमज आहे. पिल्लू जखमी असेल, तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. वनखाते किंवा पशुवैद्य यांच्याकडे न्या.

घरी बऱ्याच वर्षांचा, पंख कापलेला पोपट असेल, तर त्याला एकाएकी खिडकीतून सोडून देऊ नका. तो उपाशी मरेल किंवा शिकार होईल. वनखात्याशी बोलून मार्ग काढा.

पक्ष्याची हौसच असेल, तर बजरीगर किंवा कॉकॅटील हे पाळीव पैदाशीचे परदेशी पक्षी आहेत. मकाऊ, आफ्रिकन ग्रे अशा पक्ष्यांची मात्र २०२४च्या नियमांप्रमाणे वनखात्याकडे नोंदणी करावी लागते. कोणताही पक्षी मोकळा सोडण्यापूर्वी पंखा बंद करा, आरसे आणि काचा झाका, पाण्याच्या बादल्यांवर झाकण ठेवा आणि चुलीवर काही असेल, तर स्वयंपाकघराचे दार लावा. नॉनस्टिक भांडे जास्त तापले, तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. चहा, चॉकलेट, खारट पदार्थ आणि ॲव्होकॅडो देऊ नका. आत्या मिठ्ठूला चहात बुडवलेले बिस्कीट द्यायची, ते चूकच होते. रोज नवी फांदी, मक्याचे कणीस, शेंगा असे फोडायला काहीतरी द्या, म्हणजे शर्टाची बटणे वाचतील.

आणि पक्षी आणण्याआधी एकदा हिशेब करा. कॉकॅटील पंधरा-वीस वर्षे जगतो. आज दहा वर्षांची असलेली मुलगी सासरी गेल्यावर त्याच्याशी कोण बोलणार?

२०००च्या पावसाळ्यात आम्ही महाराजपूरला गेलो होतो. मिठ्ठू दिसून दोन महिने झाले होते. काकांनी पंख्यावरची चिठ्ठी मात्र काढली नव्हती. दुपारी आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. एवढ्यात कुकरची शिट्टी वाजली. आत्या सवयीने उठली, स्वयंपाकघरात गेली आणि गॅसजवळ जाऊन थबकली. गॅस बंदच होता. ओट्यावर कुकरही नव्हता.

शिट्टी पुन्हा वाजली, समोरच्या कडुलिंबातून. आत्या दारात येऊन उभी राहिली. काकांनी तिच्याकडे बघून विचारले, "किती झाल्या?"

"दोन," आत्या म्हणाली आणि मटार संपले म्हणून पेरूच चिरायला घेतला.