आधी पंखा, मग व्हॉल्व्ह

हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन बिनतारी संदेशवहनाचा परवाना मिळवलेला हौशी माणूस. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर अशाच हौशींनी निरोप पोचवले. जनरल ग्रेडच्या परवान्यावर ४०० वॉटपर्यंत शक्ती वापरता येते, आणि तेवढा जोर आणायला अनेकजण आजही व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळीचा, ॲम्प्लिफायर बाळगतात.

भिवंडीजवळच्या राहनाळसारख्या ठिकाणी त्याची निगा अधिकच राखावी लागते. तिथल्या यंत्रमागांचे सुती तंतू आणि गोदामांच्या रस्त्यांवरची धूळ व्हॉल्व्ह थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या जाळीत अडकते. हवा अडली की व्हॉल्व्हच्या काचेतून तार बाहेर येते तो सांधा तापतो, पुढे तडकतो. पावसाळ्यात हीच धूळ ओल धरते आणि ट्यूनिंग कपॅसिटरच्या पात्यांमध्ये ठिणग्या उडू लागतात. मऊ ब्रशने केलेली सफाई महागडा व्हॉल्व्ह वाचवते.

दुसरी गोष्ट विजेच्या दाबाची. ३-५००झेड या प्रसिद्ध व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ५ व्होल्ट लागतात. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टसाठी बांधलेला असेल आणि घरात २५० येत असतील, तर फिलामेंटला सुमारे ५.४ मिळतात. रोजच्या या जादा दाबाने त्याचं आयुष्य घटतं. म्हणून फिलामेंटच्या दाबाचं मोजमाप थेट व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या पिनांवर करावं.

आउटपुट घटलं की सगळे व्हॉल्व्हलाच दोष देतात. अनुभवी हॅम मात्र आधी अँटेनाची केबल, मग रिलेचे काळवंडलेले संपर्क तपासतो. जोर लावताच व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा विजेचा दाब फार कोसळत असेल, तर फिल्टर कपॅसिटर किंवा डायोडवर संशय घ्यावा. फिलामेंट लुकलुकत असेल, तर सॉकेटची सैल पकड किंवा पिनेतला सुटलेला डाख पाहावा. एवढं करूनही दोष सापडला नाही, तरच व्हॉल्व्ह बदलून बघावा.

यातलं बहुतेक काम झाकण उघडून करायचं, आणि आत दोन-तीन हजार व्होल्टचा दाब असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहू शकतात. ते रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटला असेल, तर कितीही वेळ थांबलं तरी भरवसा नाही. मीटर शून्यावर आल्यावरही चासीला तारेने जोडलेली, लांब दांड्याची आकडी प्लेटच्या जोडणीला टेकवावी, आणि काम संपेपर्यंत ती तिथेच ठेवावी. एक हात पाठीमागे असावा, अंगठी-घड्याळ काढलेलं असावं. आणि एकट्याने झाकण उघडू नये. मेन स्विच कुठे आहे हे ठाऊक असलेलं कुणीतरी घरात हवंच.