माउई: धाकट्या भावाच्या युक्त्या

न्यूझीलंड, हवाई आणि ईस्टर बेट ही ज्याची तीन टोके आहेत, अशा प्रशांत महासागरातील विस्तीर्ण त्रिकोणाला पॉलिनेशिया म्हणतात, आणि तेथील बेटाबेटांवर ज्याच्या कथा सांगितल्या जातात तो माउई हा संस्कृतिनायक, म्हणजे माणसाला जगण्याची साधने मिळवून देणारा पुराणपुरुष आहे. २०१६ साली आलेल्या ‘मोआना’ या चित्रपटाने तो जगभर पोहोचला, परंतु अवाढव्य देहाचा बलदंड वीर हे त्याचे खरे रूप असल्याचा समजही त्याबरोबर पसरला. न्यूझीलंडच्या माओरी परंपरेतील माउई मात्र भावंडांत सर्वांत धाकटा आहे. अकाली जन्मलेल्या या बाळाला तारांगा या त्याच्या आईने आपल्या केसांच्या बुचड्यात गुंडाळून समुद्रात सोडले आणि त्या बुचड्यावरूनच त्याला माउई-तिकितिकी-आ-तारांगा हे नाव मिळाले. वाचून परतलेला माउई भावांमध्ये जाऊन बसतो तेव्हा आई मुले मोजते, एक जास्त भरतो, आणि आपण तिचेच आहोत हे त्याला तिला पटवून द्यावे लागते. ज्याला घरातील जागाही आपसूक मिळत नाही त्याचे बळ बाहूंत नसून युक्तीत आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या कथा कळतच नाहीत.

त्याची चलाखी म्हणजे निव्वळ खोडसाळपणा, हा समजही असाच अपुरा आहे. भाऊ मासेमारीला नेत नाहीत म्हणून तो होडीच्या फळ्यांखाली लपतो, पूर्वज स्त्री मुरी-रांगा-फेनुआ हिच्या जबड्याच्या हाडाचा गळ करतो, आमिष नाकारले जाताच स्वतःच्या नाकावर ठोसा मारून आलेले रक्त त्या गळाला फासतो आणि प्रचंड मासा वर ओढतो. योग्य विधी होईपर्यंत त्याला हात लावू नका, असे बजावूनही भाऊ तो कापू लागतात आणि त्या घावांतून डोंगरदऱ्या तयार होतात. हा मासा म्हणजे न्यूझीलंडचे उत्तर बेट. ‘ते इका-आ-माउई’, अर्थात माउईचा मासा, या त्याच्या नावाला २०१३ साली अधिकृत मान्यता मिळाली.

माउईची एकच प्रमाण कथा आहे, असेही मानले जाते. गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्या १८५५ च्या इंग्रजी ग्रंथामुळे जी कथा सर्वाधिक प्रसिद्ध झाली ती मुख्यतः ते आरावा या जमातसमूहातील ते रांगिकाहेके यांच्या हस्तलिखितांवर आधारलेली आहे, म्हणजे ती एका परंपरेची कथा आहे. तिच्यात माउई अग्निदेवी माहुइकाची पेटती नखे एकेक करून मागून घेतो आणि विझवतो, शेवटी संतापलेल्या देवीची आग झाडांत शिरते, आणि लाकडावर लाकूड घासून विस्तव का निघतो याचा उलगडा होतो. हवाईत मात्र आगीचे रहस्य पाणकोंबड्यांकडे असते आणि ते काढून घेतल्यावर माउई त्यांचे कपाळ घासून लाल करतो. तेथेच तो हालेआकाला पर्वतावर सूर्याला दोरांनी जखडतो, कारण दिवस लहान असल्याने आई हिना हिचे कापा, म्हणजे झाडाची साल कुटून केलेले कापड, वाळत नाही. टोंगामध्ये तर माउई नावाचे अनेक जण एकाच कुळात आहेत.

तो अजिंक्य देव होता, हा समज सर्वांत दिशाभूल करणारा आहे, कारण माओरी परंपरेत तो वनांचा देव ताने किंवा समुद्राचा देव तांगारोआ यांच्या पंक्तीतला नसून मर्त्य आहे. माणसांना अमर करण्यासाठी तो मृत्यूची देवी हिने-नुई-ते-पो झोपली असताना तिच्या देहात योनीमार्गाने शिरतो आणि सोबतच्या पक्ष्यांना आवाज न करण्यास बजावतो. ते दृश्य पाहून तिवाकावाका या पंख्यासारख्या शेपटीच्या चिमुकल्या पक्ष्याला हसू आवरत नाही, देवी जागी होते आणि माउईला चिरडते. हा पक्षी घरात शिरला की मृत्यूची वार्ता येते, असे माओरी लोकसमजुतीत मानले जाते.