टॅकोमीटरचा काटा का अडखळतो?

जुन्या मोटारींच्या डॅशबोर्डवर वेगमापकाशेजारी अनेकदा त्याच्याच आकाराची आणखी एक तबकडी दिसते. ती टॅकोमीटरची. गाडी किती वेगाने धावते हे ती सांगत नाही. इंजिनाचा क्रँकशाफ्ट मिनिटाला किती फेरे घेतो, हे सांगते. आपल्याकडील अँबॅसेडर किंवा पद्मिनीच्या चालकांचे तिच्यावाचून काही अडले नाही. मात्र एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांत तिला मानाचे स्थान होते. अशा गाडीचे पुनरुज्जीवन करताना काटा हलेना, की ‘मीटर गेले’ असा निकाल तत्काळ दिला जातो. मग मूळ यंत्रणा काढून टाकून त्या तबकडीमागे नवे सर्किट बसवले जाते. वास्तविक बिघाड पुष्कळदा मीटरच्या बाहेर असतो आणि तो शोधायला एक साधा मल्टिमीटर पुरतो.

१९६२ ते १९८० या काळात बनलेल्या ‘एमजीबी’चे उदाहरण घेऊ. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून या गाडीत स्मिथ्स कंपनीचा इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर आला. इग्निशन कॉइलकडे जाणारी पांढरी तार मीटरच्या पाठीवरील एका लहानशा लोखंडी गाभ्याभोवती वेढा घालून पुढे जाते. डिस्ट्रिब्युटरमधील सीबी पॉइंट उघडमीट करतात तसा या तारेतील प्रवाह खंडित होत राहतो. तो प्रत्येक झटका गाभ्याला जाणवतो आणि आतील सर्किट त्याचे ठरावीक मापाच्या स्पंदात रूपांतर करते. काटा दाखवतो ती या स्पंदांची सरासरी. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० स्पंद. सहा सिलिंडरच्या गाडीचे मीटर चुकून चार सिलिंडरच्या गाडीत बसवले गेले, तर ते ३००० ऐवजी २००० दाखवेल. भंगार बाजारातून आणलेल्या मीटरबाबत ही शक्यता आधी तपासावी. (१९६१च्या पहिल्या ई-टाइप जॅग्वारची रचना निराळी. तेथे कॅमशाफ्टच्या टोकाला छोटा जनित्र जोडलेला असतो आणि काटा त्या जनित्राच्या विजेवर हलतो. त्यामुळे तेथे संशयाची सुई प्रथम जनित्राकडे वळते.)

आता निदान. काटा मुळीच हलत नसेल, तर आधी इतर घड्याळांकडे पाहावे. एमजीबीच्या टॅकोमीटरला वीजपुरवठा होतो तो फ्यूजमधून येणाऱ्या हिरव्या तारेने, आणि इंधनाचा काटा व वायपरही त्याच हिरव्या तारांच्या मंडलावर असतात. तेही बंद असतील तर फ्यूज उडाला आहे किंवा त्याच्या पकडीवर गंज चढला आहे. ते चालू असतील तर मीटरच्या हिरव्या तारेवर १२ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो का, हे मोजावे. त्यानंतर काळ्या अर्थ तारेची पाळी. साठ वर्षांचा रंग आणि गंज यांच्या थराखाली अर्थ तुटणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे.

काटा नाचत असेल तर कानांचा उपयोग करावा. काट्याबरोबर इंजिनही अडखळत असेल, तर मीटर खरे बोलत आहे. दोष झिजलेल्या सीबी पॉइंटमध्ये, कंडेन्सरमध्ये किंवा पांढऱ्या तारेच्या सैल जोडणीत आहे. अशा वेळी मीटर उघडणे म्हणजे ताप मोजणारी काचनळी दुरुस्त करत बसणे! ही पांढरी तार मीटरपाशीच तुटली तर गाडी जागीच बंद पडते, हेही ध्यानात असावे. इंजिन सुरळीत आणि काटा मात्र बेताल, असे असेल तरच मीटरवर संशय घ्यावा.

काटा स्थिर आहे, पण आकडा चुकीचा वाटतो, तेव्हा पडताळणी रस्त्यावर करता येते. मूळ मापाचे टायर असलेली आणि ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी चौथ्या गिअरमध्ये दर हजार फेऱ्यांना ताशी सुमारे २९ किलोमीटर वेग धरते. शेजारी बसलेल्याच्या मोबाइलवरील जीपीएसने ८७ किलोमीटर दाखवले, की काटा ३००० च्या आसपास असला पाहिजे. गाडीचा वेगमापक स्वतःच जुना असल्याने या कामी त्याची साक्ष ग्राह्य धरू नये.

सर्वाधिक घोटाळा होतो तो पूर्वीच्या दुरुस्त्यांमुळे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असे; पुढे ऋण टोक जोडण्याची पद्धत आली. आधुनिक रेडिओ किंवा अल्टरनेटर बसवण्यासाठी अनेकांनी जुन्या गाड्यांची ध्रुवता उलटी केली. अशा वेळी पांढऱ्या तारेच्या वेढ्याची दिशा आणि मीटरच्या आतील जोडण्या, दोन्ही बदलाव्या लागतात. ते न करता वीज दिली तर आतील ट्रान्झिस्टर जळू शकतो. सीबी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यानेही झटक्याचे स्वरूप बदलते आणि निर्दोष मीटर चुकीचे आकडे दाखवू लागते.

एवढे सारे पाहून झाल्यावरच मीटर काढावे, तेही बॅटरी सोडवून. पुढील क्रोमची कडी फिरवली की तिच्या पकडी खाचांसमोर येऊन ती सुटते. आतले रबर वाळून चिकटले असल्यास घाई करू नये. पेचकसाने उचकटलेली कडी पुन्हा सरळ होत नाही. काटा ओढू नये आणि तबकडीवर ओला बोळा फिरवू नये, अक्षरे निघून येतात. आत बहुधा सुटलेले डाग किंवा वयोमानाने माप बदललेला कपॅसिटर सापडतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराला हे काम सहज जमते. नवा भाग बसवल्यावर आतील छोटा प्रीसेट फिरवून काटा जुळवावा. तो मंद गतीला न जुळवता ३००० च्या आसपास जुळवावा, कारण खऱ्या धावेत काटा तेथेच असतो. कडी बसवण्यापूर्वी गाडी एकदा रस्त्यावर नेऊन आकडा पुन्हा ताडून घ्यावा.