माहेरी नेणारी होडी

होडी घेण्याचा विचार माणसाच्या मनात यावा आणि तो माणूस नगरचा असावा, यात विनोद आहे हे मला मान्य आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव निघाले (ते आता अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेचे वळण जायला वेळ लागतो) की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुष्काळ, टँकर आणि चारा-छावण्या उभ्या राहतात. पण नकाशा उघडून पाहा. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरांत भंडारदऱ्याचा जलाशय, मध्ये राहुरीजवळ मुळा धरण, दक्षिणेला कर्जत-श्रीगोंद्याच्या कडेने भीमेवर उजनीचा फुगवटा आणि पूर्वेला नेवासे-शेवगावच्या अंगाने पसरलेला जायकवाडीचा नाथसागर. चारी बाजूंनी पाणी, आणि आम्ही मात्र नळाकडे डोळे लावून बसलेले!

तरीही मला होडीचा नाद लागण्याचे कारण नकाशा नव्हे, आई. दोन वर्षांपूर्वी भाऊबिजेच्या दिवशी मामा येऊन गेले आणि ताट पुसता पुसता ती म्हणाली, "अरे, मला एकदा माहेरी ने."

आईचे माहेर शेवगाव तालुक्यात, गोदाकाठी होते. 'होते' असेच म्हटले पाहिजे. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. त्या अकरा वर्षांत आईचे लग्न झाले, माझा जन्म झाला आणि तिचे गाव उठले. माणसे नव्या गावठाणात गेली. वाडा, विहीर आणि चिंच जागेवरच राहिली. आता आईने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. तिला नवे गावठाण नको होते, जुनेच हवे होते. आणि तिकडे जायला होडीखेरीज वाट नाही.

आमचे मेहुणे उत्साही. त्यांनी आठवड्याभरात छापील पत्रकांची चळत आणून टाकली. त्यावरची चित्रे पाहून मला आपण कोणत्याही क्षणी दर्यावर्दी होऊ असे वाटू लागले. सौ.ने एकच प्रश्न विचारला, "यातल्या कोणत्या होडीत आई चढू शकतील, ते सांगा." निम्मी पत्रके तिथेच रद्दीत गेली. लांबोडकी, निमुळती कयाक हलकी असते, दोन वल्हे मारताच भुर्रकन पळते, मोटारीच्या टपावर बांधून नेता येते. पण तिच्यात बसायचे म्हणजे जवळजवळ पाण्याच्या पातळीवर पाय पसरून बसायचे आणि उतरताना गुडघ्यांवर उठायचे. ज्यांचे गुडघे पंचविशीतले आहेत त्यांनी ती खुशाल घ्यावी. शांत पाण्यावर तिच्यासारखे सुख नाही, असे पोरे म्हणतात.

होडीची माझी स्वतःची ओळख दोनच. पहिली सिद्धटेकची. अष्टविनायकांपैकी आमच्या जिल्ह्यातला हा एकच गणपती, भीमेच्या अलीकडे. पलीकडे दौंडच्या बाजूला शिरापूर. आता पूल आहे. पण माझ्या लहानपणी नावेने पार व्हावे लागे. रुंद, सपाट बुडाची नाव. तिच्यात माणसे, सायकली, नारळांची पोती. नावाडी बांबू रेटीत असे. एवढी माणसे एका बाजूला सरकली तरी ती नाव किंचित कलल्यासारखे करी आणि पुन्हा सरळ होई. दुसरी ओळख भंडारदऱ्याची. प्रवरेवरचे ते विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. कॉलेजात असताना आम्ही त्या जलाशयातून लाँचने पलीकडे जाऊन रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ पाहिले आणि रतनगड चढलो. तिथले पाणी खोल, काठ उभे. त्या पाण्याला खाली निमुळत्या तळाची, पोटाशी कणा असलेली होडी शोभते. ती पाणी कापीत सरळ जाते. सुरुवातीला बसताना ती डुगडुगते, पण भार पडला की धरून राहते. सपाट बुडाच्या होडीचे उलट: बसताना पाटासारखी स्थिर, मात्र लाट आली की तळावर थपडा खाते आणि वाऱ्याने बाजूला घसरते. म्हणजे दोघींचेही गुण दुसरीच्या दोषांत आहेत. मी चकरावलो.

अशा वेळी मेहुण्यांनी परस्पर एक फुगवायची रबरी होडी मागवली. घडी करून पिशवीत मावते, तीन वेगळे कप्पे आहेत, एक फुटला तरी बुडत नाही, अशी तिची कीर्ती. आम्ही ती प्रवरासंगमाजवळ, फुगवट्याच्या काठाला नेली. पायाने पंप मारता मारता दोघांनाही धाप लागली. सकाळी नऊला पाणी आरशासारखे होते. अकराच्या सुमाराला जमीन तापली, वारा सुटला आणि आमची फुग्याची नौका वल्ह्यांना न जुमानता वाऱ्याची झाली. तिला पाण्यात धरून ठेवणारे काही नव्हतेच. सगळी पाण्यावरच तरंगत होती. वाऱ्याने आम्हाला नेले ते थेट बुडालेल्या बाभळींत. धरणाच्या पाण्यात शेताचे बांध जातात, तशी बांधावरची झाडेही जातात. त्यांचे शेंडे वाळून काट्यांसकट पाण्यात उभे असतात. एक कप्पा 'फुस्स' झाला. बाकीचे दोन टिकले, हे मात्र कबूल केले पाहिजे.

आम्हाला ओढून काढले एका भोयाने. मासे धरायला आला होता. त्याने आमच्या होडीला हात लावून पाहिले आणि म्हणाला, "दादा, ही होडी नव्हं, ही गादी हाय. इथं बाभळीचं पाणी, हिचं काय काम?"

मग त्या काठावर बसून त्याने जे सांगितले ते एकाही पत्रकात नव्हते. होडी पाहायच्या आधी पाणी पाहावे, आणि पाण्याच्या आधी वारा. नाथसागर लांबीला पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मोकळ्या पाण्यावर वारा जेवढा लांबून धावत येतो तेवढी लाट वाढते. शिवाय पाणी उथळ असले की ती लाट लांब-सपाट न होता आखूड आणि उभी होते, एकीवर एक आदळते. "सकाळी पोरगं बी नेईल होडी. दुपारी बाप बी नेत नाय." म्हणजे तळे 'शांत' आहे की नाही हे विचारायचे ते किती वाजता, हे विचारूनच. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी संध्याकाळच्या वादळात उलटली आणि सहा माणसे गेली. एकच पोहून काठाला लागला. त्याच आठवड्यात आमच्या अकोले तालुक्यात सुगावला, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणारी आपत्ती दलाची बोटसुद्धा उलटली आणि जवान दगावले. बंधाऱ्याखाली पडणारे पाणी पुन्हा मागे वळून होडीला आत ओढते. तिथे कोणत्याही जातीची होडी उपयोगाची नाही; तिथे न जाणे एवढेच.

बाकी माहिती त्याने घाऊक भावात दिली. लाकडी होडी बसायला सगळ्यांत सुखाची. पण आमच्या उन्हात काठावर पालथी टाकली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात, म्हणून ती पाण्यातच ठेवावी लागते आणि दर साली डांबर द्यावे लागते. रोज वापरणाऱ्याला ठीक, रविवारच्या हौशी माणसाला नव्हे. पत्र्याचा चप्पू स्वस्त, कोळी-भोई तोच वापरतात. मात्र पाणी भरले तर दगडासारखा तळ गाठतो. शहाणा माणूस फळीखाली रिकामे, घट्ट बुचाचे डबे बांधून ठेवतो. फायबरची होडी हलकी, तिला डांबर नको, ऊन नको म्हणत नाही. इंजिन? जाळ्यात आणि जलपर्णीत पंखा अडकतो. शिवाय हे १९८६ पासूनचे पक्षी अभयारण्य. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, त्यांच्यावर फटफट आवाज करीत जाणे बरे नाही. वनखाते आणि पाटबंधारेवाले यांना विचारल्याशिवाय तर पाण्यात पाऊलच घालू नये.

हंपीला तुंगभद्रेत वेताच्या गोल टोपल्या चालतात, तसले काही आईसाठी बरे पडेल का, असे मी विचारले. तो हसला. "ती गरगर फिरती. आजी म्हनल, माहेर कुठं ऱ्हायलं?"

अखेर आम्ही होडी घेतलीच नाही. त्याच्या भावकीतली एक फायबरची, रुंद, सपाट बुडाची, सहा जणांची होडी ठरवली आणि बसलो चौघेच: आई, मी, मेहुणे आणि वल्हवणारा तो. भार भरल्यावर काठ पाण्याच्या वर निदान दीड वीत राहिला पाहिजे, हे त्याचे माप. लाइफ जाकिटे अंगात घालून बंद आवळायचे, बुडाखाली घेऊन बसायचे नाही, हे सौ.चे माप. आईने नऊवारीवरून ते नारिंगी जाकीट घातले आणि म्हणाली, "पोलिसासारखी दिसते का रे मी?"

रीतसर परवानगी काढून गेल्या मार्गशीर्षात आम्ही उजाडता उजाडता निघालो. नऊच्या आत काठाला, असा करार होता. पाण्यावर धुके, दूर काळ्या वारकरी बदकांचे थवे. तासभर वल्ही चालली. सपाट मुलखात खूण ती काय असणार? पण आईने लांबवर नव्या गावठाणाच्या देवळाचे शिखर धरले, मग सूर्य कुठे उगवला ते पाहिले आणि म्हणाली, "थोडं डावीकडे घ्या, बाबा." भोयाने बांबू घातला, सगळा गेला तरी तळ नाही. "अजून पुढे. आमचं गाव पांढरीवर होतं, उंचवट्यावर." आणखी काही हात गेलो. बांबू पुन्हा खाली गेला आणि मध्येच टक् करून थांबला. माती नव्हे, दगड.

पोटाशी कणा असलेली होडी असती तर इतक्या उथळावर आणायला भोई तयार झाला नसता. आमची मात्र पाटासारखी उभी राहिली. आईने काही फुले वगैरे आणली नव्हती. तिने हात पाण्यात घातला, मनगटापर्यंत, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मेहुणे फोटो काढायला निघाले होते, मी त्यांचा हात धरला. मग ती म्हणाली, "विहीर इकडे, उगवतीला. लहान पोरांना तिकडे जाऊ देत नसत." माझ्याकडे पाहून, "तुलाही नव्हतं जाऊ दिलं."

भोयाने आभाळाकडे पाहिले आणि होडी वळवली. काठाला लागलो तेव्हा साडेआठ झाले होते. दहाला वारा सुटला, तो आम्ही चहाच्या टपरीवरून पाहिला.

त्या होडीबद्दल आईची तक्रार एकच आहे. फळी फार टणक. यंदा मामांनाही न्यायचे ठरते आहे आणि तिने दोन उशा शिवायला काढल्या आहेत.