पाणी खालून येते

हल्ली चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या घरांत एक प्रश्न ऐकू येतो : बाथरूममधल्या गुळगुळीत टाइल्स काढून व्हिनाइल बसवावे का? हा प्रश्न हौसेचा नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या एक आजी पहाटे वजूसाठी गेल्या, ओल्या टाइलवरून पाय सटकला आणि खुब्याचे हाड मोडले. मी कविता लिहिणारा माणूस, थापी कधी हातात धरलेली नाही. पण मिस्त्रींना विचारून आणि थोडे वाचून जे समजले, ते सांगतो.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, प्लास्टिकचाच एक प्रकार. ते मुळात कडक. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी ते मऊ करण्याची युक्ती शोधली आणि पुढे त्याच्या फरश्या निघाल्या. पायाला ते टाइलइतके गार लागत नाही. मात्र साबणाचे पाणी सांडले की गुळगुळीत व्हिनाइलही घसरतेच. म्हणून ओल्या जागेसाठी बनवलेले, खरबरीतच मागावे.

व्हिनाइलला वरच्या पाण्याचे फारसे भय नाही. त्याचा शत्रू खालून येतो. काँक्रीट दगडासारखे दिसते, पण त्याच्या पोटात केसाहून बारीक छिद्रांचे जाळे असते. जमिनीतली ओल त्यातून वर चढते. वर व्हिनाइलचे झाकण बसले की तिची वाट बंद होते. ती सिमेंटमधले क्षार घेऊन तिथेच साचते, गोंद सोडवते, आणि मग फुगे येतात, कुबट वास सुटतो. काळ्या मातीवरच्या घरांत आणखी एक काळजी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या कोब्याला तडे पाडते.

टाइल्स ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज आला तर त्या काढायलाच हव्यात. फोडताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थरही दुखावतो. तो नव्याने केला नाही तर वरच्या मजल्याचे पाणी खालच्या घरात गळते. नवा कोबा जाळीकडे उतरता असावा, चार फुटांना साधारण एक इंच. सिमेंट आपल्याच गडचांदूर-आवाळपूरकडचे, पण त्याची शिस्त कडक. आधी निदान सात दिवस ओली पोती टाकून पाणी पाजायचे आणि मग तेच पाणी उडून जाण्याची वाट पाहायची. कोरड्या हवेत इंचभर जाडीला महिना धरावा. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

कोबा सुकला का, हे घरीच पाहता येते. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून निदान १६ तास ठेवा. आत दव दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडला, तर थांबा.

आपण बादलीने अंघोळ करतो, पाणी सगळीकडे जाते. म्हणून तुकडे जोडण्यापेक्षा अखंड चादर घ्यावी, ती भिंतीवर चार बोटे चढवावी आणि सांधा आलाच तर इस्पितळांतल्यासारखा वितळवून जोडावा. हे जमणार नसेल तर व्हिनाइलच्या वाटेला जाऊ नये.

गडचिरोलीकडच्या खेड्यांत घरकुलातल्या न्हाणीला साधा कोबा असतो. त्याला कमी लेखू नका. खरबरीत कोबा, नीट उतार आणि भिंतीला धरायला एक पक्की दांडी, एवढ्यानेही म्हातारा पाय सावरतो.