खेळातली गोष्ट – भाग ६ : चाळीस तासांचा खेळ, दोन तासांचा पडदा

मागच्या भागात आपण जपानपर्यंत आलो होतो. अमेरिकेतल्या ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या किचकट संगणकी खेळांचा गाभा युजी होरी यांनी उचलला, तो घरातल्या टीव्हीवर कुणालाही खेळता येईल इतका सोपा केला आणि १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. पुढच्याच वर्षी स्क्वेअर कंपनीतून हिरोनोबू साकागुची यांचा ‘फायनल फँटसी’ आला. आज या दोन मालिकांवरच्या चित्रपटांकडे वळायचं आहे. त्याआधी मात्र एका खेळातला एकच प्रसंग नीट पाहायला हवा. ‘फायनल फँटसी ७’ ज्यांना कोऱ्या मनानं खेळायचा आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा आणि खेळ संपल्यावर वाचावा. मी मनापासून सांगतो आहे.

हा खेळ ३१ जानेवारी १९९७ रोजी जपानमध्ये आला, प्लेस्टेशनच्या तीन सीडींवर. शिनरा नावाची कंपनी ग्रहाच्या पोटातलं चैतन्य उपसते आणि त्यावर वीज तयार करते. तिच्याशी लढणाऱ्या टोळीत क्लाउड हा भाडोत्री लढवय्या निव्वळ पैशासाठी सामील होतो. मिडगार शहराच्या तळाशी, जिथे ऊन पोचत नाही तिथे, एका पडक्या चर्चमध्ये फुलं फुलवणारी एरिथ त्याला भेटते आणि पुढे त्याच्यासोबत निघते.

पहिली सीडी संपत आली की एरिथ कुणाला न सांगता एकटीच निघून जाते. तिला शोधत आपण एका ओसाड प्राचीन नगरीत पोचतो आणि जिने उतरत उतरत पाण्यानं वेढलेल्या चौथऱ्यापर्यंत जातो. ती गुडघे टेकून प्रार्थना करत असते. क्लाउड तिच्यासमोर उभा राहतो. इथे खेळ क्षणभर आपल्या हातात दिला जातो, आणि आपण बटणं दाबत गेलो की क्लाउड तलवार उपसून तिच्यावरच उगारतो. साथीदार ओरडतात, तो भानावर येतो. ती डोळे उघडून त्याच्याकडे पाहून हसते आणि तेवढ्यात वरून खेळाचा खलनायक सेफिरॉथ उतरतो. त्याची लांबलचक तलवार तिच्या आरपार जाते. तिच्या केसांत बांधलेला पांढरा मणी सुटतो, पायऱ्यांवर टप्पे खात खाली जातो आणि पाण्यात पडतो. नोबुओ उएमात्सू यांनी तिच्यासाठी रचलेली धून सुरू होते. लगोलग एका राक्षसाशी लढाई जुंपते, पण नेहमीचं रणसंगीत वाजतच नाही. तीच संथ धून लढाईभर चालू राहते. आपण वार करतो, औषधं वापरतो, जिंकतो, आणि मागे ती धून.

लाडकं पात्र तर सिनेमातही मरतं. मग एवढ्या वर्षांनंतरही खेळणाऱ्यांच्या मनातून हा प्रसंग का जात नाही? माझ्या मते याचं उत्तर तलवारीत नाही, त्याआधीच्या कित्येक तासांत आहे. या प्रकारच्या खेळात प्रत्येक लढाईनंतर अनुभवाचे गुण मिळतात आणि ते साचले की पात्राची लेव्हल वाढते. कुणाला कुठलं शस्त्र द्यायचं, कुणाच्या शस्त्रात कुठला मटेरिया, म्हणजे जादू देणारा मणी, बसवायचा, तिघांच्या पार्टीत, म्हणजे लढणाऱ्या गटात, कुणाला घ्यायचं, हे सगळं आपण ठरवतो. एरिथ अंगानं दुबळी, पण तिचे बहुतेक सगळे खास डाव साथीदारांच्या जखमा भरून काढणारे किंवा त्यांना बळ देणारे. खेळणारा नकळत तिच्यावर विसंबू लागतो. तिची लेव्हल वाढावी म्हणून त्याच त्या रानात येरझाऱ्या घालून किरकोळ राक्षस मारत बसतो. याला खेळणारे ग्राइंडिंग म्हणतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते निव्वळ वेळ घालवणं वाटतं. तो वेळ वाया गेलेला नसतो. त्यातूनच त्या मुलीत आपली गुंतवणूक होते.

म्हणून ती गेल्यावर दुःख दोन ठिकाणी होतं. एक गोष्टीत. दुसरं पुढच्या लढाईत, जिथे जखमा भरणारं कुणी उरलेलं नसतं. तिला दिलेला मटेरिया गुपचूप आपल्या पोतडीत परत आलेला असतो आणि पार्टीतली तिची जागा रिकामी असते. त्याच पोतडीत पडलेल्या साथीदाराला पुन्हा उभं करणारी फिनिक्सची पिसंही असतात. तोवर प्रत्येक लढाईत ही पिसं उपयोगी पडली होती, इथे पडत नाहीत. एरिथला परत आणण्याची गुप्त वाट खेळात दडलेली आहे अशा अफवा नंतर कित्येक वर्षं फिरत राहिल्या आणि लोक ती वाट चिकाटीनं शोधत राहिले. दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की खरं मरण अचानक येतं आणि मागे नाट्य नाही, पोकळी ठेवतं; ती पोकळी त्यांना हवी होती. मला वाटतं, ती निर्माण करण्याचं साधन फक्त खेळाकडेच आहे.

हे लक्षात ठेवून आता पहिला चित्रपट पाहू. ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ जुलै २००१ मध्ये आला. दिग्दर्शन खुद्द साकागुचींचं. त्यासाठी स्क्वेअरनं हवाई बेटांवर होनोलुलूत स्वतंत्र स्टुडिओ उभारला. खऱ्या माणसांसारखी दिसणारी माणसं पूर्णपणे संगणकावर घडवायची हा ध्यास. नायिका डॉ. अकी रॉस हिच्या डोक्यावरचे साठेक हजार केस वेगवेगळे हलवलेले आहेत. खर्च झाला सुमारे १३.७ कोटी डॉलर, जगभरातून आले साडेआठ कोटींच्या आसपास.

या चित्रपटाची टिंगल पुष्कळ झाली. मी तिच्यात सामील होणार नाही. साकागुचींच्या आईचं निधन झाल्यापासून माणूस मेल्यावर त्याचं चैतन्य कुठं जातं हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून होता. खेळातला ग्रहाच्या पोटातून वाहणारा चैतन्याचा प्रवाह त्यातून आला आणि २०६५ सालच्या उद्ध्वस्त पृथ्वीवरचा हा चित्रपटही त्यातूनच आला. मूळ विचार एकच आहे. फरक ओळखीचा आहे. चित्रपटाच्या मध्यावर अकीबरोबरच्या पथकातले तिघं जण पळ काढताना एकामागून एक मरतात. त्यांना आपण तासाभरापूर्वी भेटलेलो असतो. त्यांच्यासाठी काही केलेलं नसतं, कधी त्यांच्यावर विसंबलेलो नसतो. चेहरे खरे वाटावेत म्हणून इतके कष्ट घेतले, पण ते चेहरे आपले व्हायला लागणारा वेळ मात्र पटकथेत नव्हता. होनोलुलूचा स्टुडिओ बंद पडला, २००३ मध्ये स्क्वेअर ‘ड्रॅगन क्वेस्ट’वाल्या एनिक्समध्ये विलीन झाली आणि साकागुचीही कंपनीतून बाहेर पडले.

दुसरा प्रयत्न अगदी उलट्या दिशेनं झाला. ‘अॅडव्हेंट चिल्ड्रेन’ २००५ साली आला. सातव्या खेळातली पात्रं ज्यांनी चितारली त्या तेत्सुया नोमुरांचं दिग्दर्शन. कथा खेळ संपल्यानंतर दोन वर्षांनी सुरू होते. क्लाउड सामान पोचवण्याचं काम करतो, मित्रांचे फोन उचलत नाही, एरिथच्या चर्चमध्ये एकटा राहतो. खेळ न खेळलेल्या माणसाला हा चित्रपट म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या कार्यात येऊन बसल्यासारखा वाटतो: सगळे एकमेकांना ओळखतात, जुन्या आठवणी काढतात, आणि आपल्याला कोण कुणाचं हेच कळत नाही.

आपल्याकडे हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. नव्वदीत इथल्या घरांत जे टीव्ही गेम होते त्यांच्या कॅसेटींमध्ये मारिओ आणि कॉन्ट्रा असायचे. खेळ सेव्ह करायची सोय बहुतेक कॅसेटींत नसायचीच, मग चाळीस तासांची गोष्ट कुठून यायची? त्यामुळे क्लाउड पहिल्यांदा या चित्रपटातच दिसला असे कितीतरी जण मला भेटले आहेत. मारामाऱ्या भारी आहेत, गोष्ट कळली नाही, असं ते म्हणतात. त्यांचं बरोबर आहे.

पण खेळलेल्या माणसाशेजारी बसून हा चित्रपट पाहा. एक मारामारी संपते आणि खलनायकांपैकी एकाचा फोन वाजतो. रिंगटोन असते खेळात प्रत्येक लढाई जिंकल्यावर वाजणारी छोटीशी विजयधून. शेजारचा हसतो. ती त्यानं शेकडो वेळा ऐकलेली असते, आणि आता ती चुकीच्या माणसासाठी वाजते आहे. पुढे बहामूत नावाच्या राक्षसाशी लढताना क्लाउडला उंच जायचं असतं. जुने साथीदार हवेत एकेका पातळीवर थांबलेले असतात. प्रत्येक जण त्याचा हात धरून त्याला आणखी वर फेकतो. सगळे संपतात आणि तरीही वरून आणखी एक हात पुढे येतो. एरिथचा. चित्रपट काहीही समजावून सांगत नाही. पार्टीतल्या रिकाम्या जागेची सवय झालेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. इथे चाळीस तासांची कमाई दोन तासांना मिळाली, आणि म्हणून हा चित्रपट मला फार आवडतो. मूळ आवृत्तीपेक्षा २००९ मधली १२६ मिनिटांची वाढीव आवृत्ती पाहावी. तिच्यात माणसांना श्वास घ्यायला जागा आहे.

२०१६ मधल्या ‘किंग्सग्लेव्ह’बद्दल थोडक्यात सांगतो. ‘फायनल फँटसी’च्या पंधराव्या खेळात नायकाचं राज्य पडतं आणि बाप मारला जातो. तो सगळा प्रसंग खेळातून काढून या चित्रपटात ठेवला आहे. खेळणाऱ्याला ती बातमी दुरूनच कळते. चित्रपट दिसायला देखणा आहे, पण खेळातला घाव उचलून दुसऱ्या दुकानात विकायला ठेवणं मला पटलेलं नाही.

राहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’. १९९२ चा हा खेळ, आणि या सगळ्या परंपरेतली माझ्या मते सर्वांत सुंदर रचना. आपण एक लहान मुलगा असतो, वडिलांचं बोट धरून फिरतो. मग एका लढाईत शत्रू आपल्याला ओलीस धरतो. मुलाच्या जिवासाठी वडील हात उचलत नाहीत, निमूटपणे मार खातात आणि मरतात. पडदा लढाईचाच असतो, फक्त आपल्याला काहीही करता येत नाही. पुढची दहा वर्षं गुलामीत जातात. सुटल्यावर लग्न ठरवायचं असतं: बालमैत्रीण बियांका की श्रीमंताघरची फ्लोरा. जपानमध्ये यावरून आजही वाद रंगतात. नंतर आपण दगड होऊन पडतो आणि आपली मुलं मोठी होऊन आपल्याला शोधून काढतात. तेव्हा कळतं की भाकितातला नायक आपण नव्हतोच, तो आपला मुलगा आहे. दिव्य तलवार आपल्याला पेलत नाही, त्याला पेलते. खेळाच्या केंद्रस्थानी बसलेल्या खेळणाऱ्यालाच बाप बनवून एक पाऊल मागे सरकवणारी गोष्ट होरींनी लिहिली आहे.

२०१९ मध्ये ताकाशी यामाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली यावर ‘ड्रॅगन क्वेस्ट : युअर स्टोरी’ हा चित्रपट झाला. बालपण जुन्या खेळातली दृश्यं दाखवून झरझर उरकलं आहे, जुळ्या मुलांपैकी मुलगी गाळली आहे. पण लग्नाचा भाग फार छान जमला आहे: नायकाला बियांका आवडते हे त्याच्याआधी प्रेक्षकांना कळतं. आणि मग शेवटाजवळ सगळं जग थिजतं. हा सगळा एक आभासी खेळ आहे, नायक म्हणजे तो खेळणारा मोठा माणूस आहे, असं उघड होतं आणि त्या खेळात शिरलेला व्हायरस त्याला आता तरी मोठा हो म्हणून सुनावतो. नायक त्याला उत्तर देतो, की इथे जगलेलं माझ्यासाठी खरंच होतं. हेतू चांगला असेल. पण लहानपणी त्या बापाच्या मरणानं रडलेले आणि आता स्वतः आईबाप झालेले प्रेक्षक थिएटरात बसले होते. त्यांना या प्रश्नाचं उत्तर केव्हाच मिळालेलं होतं. त्यांच्या तोंडावर तो प्रश्न टाकायची गरज नव्हती. जपानमध्ये यावर मोठा रोष उसळला आणि मला तो रास्त वाटतो. हेच यामाझाकी पुढे ‘गॉडझिला मायनस वन’साठी ऑस्कर घेऊन गेले, तेव्हा कसबाबद्दल शंका नाही. चूक त्या एका निर्णयाची होती.

सुरुवात करू पाहणाऱ्या वाचकांसाठी एवढंच. ‘फायनल फँटसी ७’ आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ हे दोन्ही जुने खेळ आज मोबाइलवर मिळतात. आधी खेळ, मग चित्रपट, हा क्रम मोडू नका. मोबाइलवरच्या ‘फायनल फँटसी ७’मध्ये वाटेतल्या लढाया बंद करण्याची सोय दिली आहे. निदान पहिल्या सीडीपुरती तरी ती वापरू नका. पुढच्या आठवड्यात ‘फॉलआउट’ : १९९७ सालचाच अमेरिकी खेळ आणि २०२४ मध्ये त्यावर सुरू झालेली मालिका. तिनं खेळातली गोष्ट घेतलीच नाही, फक्त त्याचं जग घेतलं. ज्यांना जमेल त्यांनी तोवर पहिला भाग पाहून ठेवावा.