वाघ सापडतो, वॉर्ड सापडत नाही

आम्हा गोंडपिपरीकरांना रानातल्या वाटा शिकवाव्या लागत नाहीत. ब्रह्मपुरीच्या जंगलातून २०२३ साली नवेगाव-नागझिऱ्यात नेलेल्या दोन वाघिणींचा ठावठिकाणाही गळ्यातल्या पट्ट्यामुळे वनखात्याला कळे. पण नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात रक्ताची पिशवी घेऊन आईचा वॉर्ड शोधताना माझी दमछाक झाली. मोबाइलने फाटकापर्यंत नेले. पुढे सिमेंटच्या छतांखाली उपग्रहांचा क्षीण संदेश पोचेना.

यावर उपाय आहे. भिंतींवर ‘बीकन’ नावाच्या लहानशा डब्या बसवतात. प्रत्येक डबी ब्लूटूथवरून आपली खूण सांगत राहते. संदेशाच्या जोरावरून मोबाइल अंतर ताडतो अन् वाट दाखवतो. ती वाट मराठीत सांगितली जावी. आणि ज्याच्याकडे तसा फोन नाही, त्याच्यासाठी दाराशी एक माणूस असावाच!